दर बहरात मधपेट्या का कोसळतात? कीटकनाशकाचा माग काढण्याची रीत

तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. वसाहत भरलेली, राणी तरुण, फुलोरा जोरात, आणि एका सकाळी पेटीच्या दारासमोर माशांचा सडा. चार-आठ दिवसांनी जरा सावरल्यासारखं वाटतं, मग पुन्हा मरतूक सुरू. पुढच्या हंगामात जवळपास त्याच आठवड्यात तेच. मधपाळ राणी बदलतो, पाक देतो, पेटीची जागा हलवतो, तरी फेरा काही सुटत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. फेरा सुटत नाही, कारण आपण दारासमोरच्या मेलेल्या माशा मोजतो आणि आत साठवलेल्या परागाकडे बघत नाही. फवारणीचा पहिला फटका शेतात बसतो. त्यानंतरचे फटके घरातूनच बसतात, त्याच पोळ्यातून, आणि तेव्हा आसपास कुणी पंप हातात घेतलेलाही नसतो. त्यामुळे कारण वेगळंच असणार असं वाटतं आणि शोध भलतीकडे जातो.

आधी ठरवा: हे विषच आहे का?

प्रत्येक मरतुकीला फवारणी जबाबदार नसते. चुकीच्या संशयावर शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण झालं, तर पुढच्या वर्षी तो फवारणीची वेळ कळवायची तसदीही घेणार नाही. म्हणून आधी इतर कारणं बाजूला काढा.

उपासमार असेल तर माशा रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या सापडतात आणि फ्रेममध्ये, म्हणजे पोळं बसवलेल्या चौकटीत, मध नसतो. पेटी वाहतुकीत किंवा उन्हात बंद राहून गुदमरली असेल तर तळपाटावर ओल्या, काळ्या पडलेल्या माशांचा ढीग असतो. व्हरोआ माइट हा माशांवर जगणारा बारीक परजीवी आणि त्यासोबत येणारा पंखविकृतीचा विषाणू असेल तर नुकत्याच बाहेर आलेल्या माशांचे पंख चुरगळलेले दिसतात. सॅकब्रूड रोगात प्रौढ माशा ठीक असतात. अळ्या मात्र पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन घरातच मरतात. एका पेटीची दुसरीने लूट केली असेल तर दाराशी झटापट दिसते आणि मधाच्या घरांची मेणटोपी ओरबाडलेली असते.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दीर्घकालीन पक्षाघाताचा विषाणू. त्यातही माशा थरथरतात, उडता येत नाही म्हणून दारासमोर सरपटतात. पण त्या माशा केस झडून काळ्या, तुकतुकीत झालेल्या असतात आणि मरतूक हळूहळू, आठवडे चालते. शिवाय एका पेटीत ती जोरात असते आणि शेजारच्या पेटीत काहीच नसतं, असंही होतं.

विषबाधेची चाल निराळी असते. ती एकाच दिवशी अनेक पेट्यांत दिसते. आणि सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त मरते ती सर्वांत बलवान वसाहत, कारण तिच्याच सर्वाधिक माशा रानात गेलेल्या असतात. रोग आणि उपासमार साधारणपणे दुबळ्या पेटीला आधी धरतात. एकाच आवारातल्या पेट्यांमध्ये धष्टपुष्ट पेट्या पडल्या आणि लहान वसाहती तगल्या असतील, तर माझा संशय सरळ फवारणीवर जातो.

आकड्यांचा आधार हवा असेल तर पेटीसमोर पांढरं कापड अंथरा आणि रोज सकाळी मेलेल्या माशा मोजा. युरोपीय माशीच्या भरलेल्या वसाहतीत दिवसाला १०० पर्यंत मृत माशा हा नेहमीचा क्रम आहे. २०० ते ४०० म्हणजे सौम्य विषबाधा, ५०० ते ९०० म्हणजे मध्यम, १००० च्या वर गेलं की गंभीर. सातेरी या आपल्या देशी माशीची वसाहत लहान असते, त्यामुळे तिच्या बाबतीत याहून कमी आकड्यालाही घाबरायला हवं. एक लक्षात असू द्या, म्हाताऱ्या माशा एरवी रानातच मरतात. त्यामुळे दाराशी दिसणारी संख्या ही खऱ्या हानीचा एक भागच असते.

मेलेली माशी जवळून बघा

हातमोजे घाला, चिमट्याने एक माशी उचला आणि उजेडात धरा. विषाने मेलेल्या माशीची जीभ पूर्ण बाहेर लोंबत असते. पंख अंगापासून फाकलेले असतात. मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या तशाच असतील तर ती कामावरून परतताना मेली आहे, म्हातारपणाने नाही. त्या गोळ्यांचा रंग नोंदवून ठेवा. आसपास कोणत्या पिकाचा पराग त्या रंगाचा आहे हे जुळवलं की माशी कुठल्या शेतातून आली याचा पहिला धागा हाती लागतो.

माशी ओली, चिकट, मकरंद ओकलेली दिसली आणि पेटी एरवीपेक्षा चवताळलेली असेल, तर ऑरगॅनोफॉस्फरस गटाचा संशय घ्या. क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट हे त्यातले. ही रसायनं मज्जातंतूंमधला ॲसिटिलकोलिनएस्टरेज हा विकर (एन्झाइम) अडवतात, त्यामुळे एका पेशीकडून दुसरीकडे गेलेला संदेश थांबतच नाही. कार्बामेट गटही हेच करतो, पण त्यात माशा थंडीने काकडल्यासारख्या मंद होतात आणि बऱ्याचदा घरी येऊन मरतात. कार्बारिलने माशी मरायला दोन-तीन दिवसही लागतात. तेवढ्या वेळात ती विषारी परागाच्या खेपा आणत राहते.

पायरेथ्रॉइड गटात, म्हणजे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन वगैरेंत, मज्जापेशीचे सोडियम मार्ग उघडेच राहतात आणि माशी लवकर लुळी पडते. बऱ्याच माशा रानातच पडतात. दाराशी फारसं काही दिसत नाही, पण दुपारी पेटी उघडली तर ती अर्धी रिकामी! इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन या निओनिकोटिनॉइडमध्ये माशी आधी थरथरते, गोल गोल फिरते, मग सुन्न होते. फिप्रोनिल मज्जातंतूंचा ब्रेकच काढून टाकतं, म्हणजे गाबा नावाच्या संदेशवाहकाचे क्लोराइड मार्ग बंद करतं, आणि माशी झटके येऊन मरते.

किडींची वाढ रोखणारी रसायनं, नोव्हाल्युरॉन, डायफ्लुबेन्झ्युरॉन, पायरिप्रॉक्सिफेन ही, सगळ्यात उशिरा कळतात. प्रौढ माशी ठणठणीत असते. पण तिने आणलेला पराग अळ्यांपर्यंत पोहोचतो आणि काही दिवसांनी दारासमोर पांढरे, अर्धवट बनलेले कोष फेकलेले दिसू लागतात. अंडी उबत नाहीत. राणी खराब झाली असं समजून मधपाळ तिला मारतो आणि नवी घालतो, खरं तर राणीचा काहीच दोष नसतो.

लक्षणांवरून गट ओळखता येतो, रसायन सिद्ध होत नाही. ते काम प्रयोगशाळेचं. त्याबद्दल पुढे बोलू.

पुन्हा पुन्हा का होतं

आता मुख्य गोष्ट. मकरंद आणणारी माशी विष जास्त घेते तेव्हा बहुधा वाटेत मरते, त्यामुळे मधात विष तुलनेने कमी उतरतं. परागाचं तसं नाही. पराग ती अंगावर, पायांवर आणते, घरात भरते, डोक्याने ठासते, वर थोडा मध लावते. हा साठा तिथे महिनोन्‌महिने राहू शकतो. विष हळू मारणारं असेल, किंवा मात्रा जीव जाण्याइतकी नसेल, तर अशा कित्येक खेपा आत येतात.

तो पराग खातं कोण? रानात जाणारी माशी नाही. तो खातात पेटीतल्या तरुण दाई माशा, कारण त्यावरच त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींमध्ये अळ्यांसाठी आणि राणीसाठी जेली तयार होते. म्हणजे फवारणी होऊन गेल्यावर, बाहेरची मरतूक थांबल्यावर, आत दाई माशा मरू लागतात. अळ्यांवर बसायला माशा उरत नाहीत, मग अळ्या गारठून किंवा उपाशी मरतात. फुलोरा संपून टंचाई आली की वसाहत जुन्या साठ्यावर जगते, आणि नेमकी तेव्हा मरतूक उसळते. दोन महिन्यांत कुणी फवारलं नाही, तरी माशा मरतायत, अशी तक्रार आली की मी आधी परागाच्या फ्रेमबद्दल विचारतो.

यात वेळेचा हिशेब समजून घ्या. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर यायला २१ दिवस लागतात: ३ दिवस अंडं, साधारण ६ दिवस अळी, १२ दिवस कोष. सातेरीत एखाद-दुसरा दिवस कमी. बाहेर आल्यावर साधारण तीन आठवडे ती घरकाम करते, मग रानात जाते. एकदम शेकडो रानमाशा, म्हणजे रानात चरायला जाणाऱ्या माशा, मेल्या की पोकळी भरायला तरुण माशा वेळेआधीच बाहेर पडतात. त्या कच्च्या असतात, लवकर मरतात. मागे दाई कमी, म्हणून अळ्या कमी, आणि बरोबर तीन आठवड्यांनी पिढीत खड्डा पडतो. मधपाळाला वाटतं की ही नवी आपत्ती आहे. प्रत्यक्षात ती त्या पहिल्या फवारणीचीच उधारी असते.

न मारणारी मात्राही सोडून देण्यासारखी नाही, उलट माझ्या मते तीच जास्त नुकसान करते, कारण ती दिसत नाही. माशी सूर्याची दिशा, जमिनीवरच्या खुणा आणि वास लक्षात ठेवून घर शोधते. घरी येऊन ती नाचातून इतरांना फुलांची दिशा आणि अंतर सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हा नाच उलगडला, त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. निओनिकोटिनॉइड नेमके शिकण्या-आठवण्याच्या मज्जामार्गांवर बसतात. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माशांच्या पाठीवर बारीक रेडिओ चिप चिकटवून दाखवलं की थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा दिलेल्या माशांपैकी लक्षणीय माशा घरी परततच नाहीत. दारासमोर एकही मेलेली माशी नाही आणि पेटी मात्र रोज हलकी होत जाते, हे यातून समजतं.

बरं, माशी असं फूल टाळेल का? टाळत नाही. २०१५ मधल्या प्रयोगांत दिसलं की इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम यांची चव माशीला लागत नाही, उलट ते मिसळलेल्या साखरेच्या पाण्याकडे ती जास्त वळते. पायरेथ्रॉइडचा वास काही काळ माशीला दूर ठेवतो हे खरं, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

नर आणि राणीवरही याचा परिणाम होतो. निओनिकोटिनॉइडच्या संपर्कातल्या वसाहतींत वाढलेल्या नरांमध्ये जिवंत शुक्राणू ३९ टक्के कमी आढळले आहेत. अशा नरांशी मिलन झालेली राणी कमी दिवस चालते. दर वर्षी राणी बदलावी लागते, अशी तक्रार असेल तर हा कोनही तपासा.

आणखी एक धागा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे बुरशीनाशक. प्रोपिकोनाझोलसारखी बुरशीनाशकं एकटी माशीला फारसं काही करत नाहीत, म्हणून शेतकरी भर फुलोऱ्यात बिनधास्त मारतो. पण ती माशीच्या शरीरातले विष फोडणारे पी-४५० विकर अडवतात. माशीकडे या विकरांची जनुकं मुळात ४६ च आहेत, पुष्कळ किडींकडे याच्या दुपटीच्या आसपास असतात. ते थोडे विकरही अडकले की एरवी सौम्य असलेलं थायाक्लोप्रिड किंवा ॲसिटामिप्रिड प्रयोगशाळेत शंभरपटीहून जास्त जहाल ठरलं आहे. शेतकरी एकाच टाकीत कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळतो तेव्हा नेमकं हेच घडतं. म्हणून चौकशी करताना “कोणतं कीटकनाशक?” एवढंच विचारू नका, “टाकीत काय काय होतं?” असं विचारा.

शेवटी मेण. मेणात विरघळणारी रसायनं पोळ्यात वर्षानुवर्षं साठतात. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत मेण, पराग आणि माशांच्या ८८७ नमुन्यांत १२१ वेगवेगळी कीडनाशकं आणि त्यांचे अवशेष सापडले. मेणात सर्वाधिक होती ती फ्लुव्हॅलिनेट आणि कुमाफॉस, म्हणजे माइट मारायला मधपाळांनी स्वतःच पेटीत घातलेली औषधं. बाहेरच्या विषाचा हिशेब मांडताना आपण आत काय घातलंय तेही त्याच कागदावर लिहायला हवं.

फूल नसतानाही विष कुठून येतं

पिकाला अजून फुलं नव्हती, मग माशा तिथे गेल्याच कशाला, असा वाद नेहमी होतो. कपाशीच्या पानांवर आणि फुलाबाहेरच्या भागांवर मकरंदाच्या ग्रंथी असतात. तिथे माशा फुलं नसतानाही जातात. मक्याला मकरंद नसतो, पण तुऱ्यातला पराग माशा सकाळच्या वेळी भरभरून नेतात. मावा पडलेल्या पिकावरचा चिकटा त्या चाटतात. फळबागेत झाडांना फुलं नसली तरी खालचं तण फुललेलं असतं आणि फवारा तिथेच ठिबकतो. बीजप्रक्रिया केलेल्या कोवळ्या रोपांच्या पानटोकांवर पहाटे जे थेंब जमतात त्यांत निओनिकोटिनॉइडचं प्रमाण भलतंच जास्त असू शकतं. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधातली माशी तेही पिते. पंप धुतलेल्या जागेचं डबकं हा आणखी एक सापळा.

पेरणीच्या वेळचा धुरळाही तसाच. २००८ च्या वसंतात जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यात मक्याची पेरणी चालू असताना क्लोथियानिडिन लावलेल्या बियाण्यावरचं औषध यंत्राच्या हवेबरोबर उडालं, शेजारच्या फुललेल्या झाडांवर बसलं आणि ११ हजारांहून जास्त वसाहतींना फटका बसला. तिथे कुणीही फवारणी केलेली नव्हती. युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या वापरावर माशांना आकर्षित करणाऱ्या पिकांत निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापरच बंद केला.

मरतूक दिसली त्या दिवशी

आधी नमुना, मग साफसफाई. घाईघाईने दारासमोरचा सडा झाडून टाकला की पुरावाही गेला. ताज्या मेलेल्या किंवा मरणासन्न अशा किमान २०० ते ३०० माशा हातमोजे घालून गोळा करा आणि स्वच्छ कागदी पिशवीत किंवा डब्यात भरून लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. ऊन, दमटपणा आणि वेळ लागला की काही रसायनं दोन-तीन दिवसांत ओळखू येईनाशी होतात. स्पिरिट किंवा फॉर्मॅलिन मुळीच घालू नका. सोबत ताजा पराग भरलेल्या पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा वेगळ्या डब्यात ठेवा. माझ्या दृष्टीने हा तुकडा माशांपेक्षाही जास्त बोलका असतो. सगळ्याचे दोन संच करा, एक प्रयोगशाळेला, एक आपल्याकडे. डब्यावर तारीख, वेळ, पेटी क्रमांक. फोनवर थरथरणाऱ्या माशांचा व्हिडिओ घ्या, त्यात आसपासची पिकंही दिसू द्या. प्रयोगशाळेला नुसतं “विष शोधा” असं सांगू नका. आसपास कोणती पिकं आहेत, कोणत्या रसायनांचा संशय आहे, हे लिहून द्या, नाहीतर तपासणी भलत्याच यादीवर होते.

मग पेटी. दार अर्धं करा, कारण रखवालदार माशा मेलेल्या असतात आणि लूट लगेच होते. मोकळ्या फ्रेम काढून जागा आवळा, म्हणजे उरलेल्या माशांना अळ्या झाकता येतील. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पातळ पाक द्या. जवळ स्वच्छ पाणी ठेवा, त्यात बुडू नयेत म्हणून काड्या किंवा खडे टाका.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. घटनेच्या आठवड्यात भरलेला पराग ज्या फ्रेममध्ये आहे त्या बाहेर काढा. शेजारच्या पेटीला देऊ नका. वाया कशाला घालवा म्हणून त्या दुबळ्या वसाहतीला दिल्या जातात आणि विष वाटलं जातं. पोळं जुनं, काळं असेल तर सरळ मोडीत काढा. चांगलं असेल तर २४ तास पाण्यात भिजवून, झटकून, धुऊन पराग काढता येतो. ते पाणी खड्ड्यात घालून मातीआड करा, उघडं ठेवलं तर माशा तिथेच पाणी प्यायला येतील. काढलेल्या परागाची जागा पर्यायी परागखाद्याने भरा, नाहीतर अळ्या उपाशी राहतील. संशयित काळातला मध तपासणीचा निकाल येईपर्यंत काढू नका.

दोन दुबळ्या वसाहती एकत्र करायची घाई नको. मरतूक पूर्ण थांबल्यावर, परागाच्या फ्रेम बदलल्यावरच करा.

फवारणी करणाऱ्याशी काय बोलायचं

वरचं सगळं उपचारात मोडतं. फेरा तुटतो तो इथे. शेतकरी माशांचा वैरी नाही. त्याला मावा, तुडतुडे, फुलकिडे यांनी घेरलेलं असतं आणि फळधारणेसाठी त्यालाही माशा हव्या असतात. बहर येण्याआधी त्याच्याकडे जा, पेट्या कुठे आहेत ते दाखवा आणि फोन नंबर द्या. फवारणीच्या किमान दोन दिवस आधी कळवा, एवढीच मागणी ठेवा. माशा मेल्यावर पहिल्यांदा दारात जाणाऱ्या मधपाळाचं कुणी ऐकत नाही.

त्याच्याकडे मागायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक नको. किडीचं प्रमाण खरोखर नुकसानीच्या पातळीवर गेलं आहे का, हे बघूनच फवारणी करा, तारखेप्रमाणे नको. बागेतलं फुललेलं तण आधी कापा. वारा पेट्यांच्या दिशेने असताना थांबा. धुरळणीची भुकटी शक्यतो टाळा, कारण ती परागासारखीच माशीच्या केसांना चिकटते आणि पाण्यात मिसळणाऱ्या द्रव औषधापेक्षा घातक ठरते.

“संध्याकाळी फवारा” हा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो चांगला आहे, पण अर्धाच. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असताना माशीला जहाल असतं आणि काही तासांत वाळल्यावर बरंच निवळतं. त्याला सूर्यास्तानंतरची फवारणी खरंच उपयोगी पडते. पण ज्यांचा अवशेष दिवसापेक्षा जास्त टिकतो त्यांना हा नियम लागू नाही. आंतरप्रवाही औषध तर झाडाच्या रसातून मकरंदात आणि परागात येतं, तिथे फवारणीची वेळ बदलून काहीच साधत नाही. त्या औषधासाठी एकच नियम: फुलोऱ्याच्या आधी नाही, फुलोऱ्यात नाही. थंड, दव पडणाऱ्या रात्रीही अवशेष जास्त काळ टिकतो, हेही धरून चला.

औषध निवडताना लेबलवरच्या विषारीपणाच्या वर्गाकडे बघून फसू नका. तो वर्ग माणसाचा आणि सस्तन प्राण्यांचा विचार करून ठरवलेला असतो. माशीसाठी बघायची ती एलडी-५०, म्हणजे निम्म्या माशा मारणारी मात्रा. पोटात गेलेल्या इमिडाक्लोप्रिडची ही मात्रा माशीमागे सुमारे ४ नॅनोग्रॅम आहे. त्या हिशेबाने १ ग्रॅम शुद्ध रसायनात अशा २५ कोटी मात्रा होतात. त्याच निओनिकोटिनॉइड गटातल्या ॲसिटामिप्रिडची मात्रा १४ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे हजारो पट जास्त. एकाच गटात एवढा फरक असतो, म्हणून “निओनिक नको” किंवा “निओनिक चालेल” अशी सरसकट भाषा कामाची नाही, रसायनाचं नाव घेऊनच बोला. पिकावरच्या किडीच्या अळ्यांसाठी फवारणी करायचीच असेल तर बीटी (जिवाणूपासून बनलेलं कीडनाशक) किंवा क्लोरँट्रॅनिलीप्रोल प्रौढ माशीला तात्काळ मारण्याच्या बाबतीत बरेच सौम्य आहेत. कडुनिंबाचा अर्कही उमललेल्या फुलांवर नको, पोळ्यातल्या अळ्यांना तो बाधू शकतो.

पेटी झाकायची की हलवायची

फवारणी टळणारच नसेल आणि औषधाचा अवशेष थोड्या तासांचा असेल, तर आदल्या रात्री सगळ्या माशा आत आल्यावर दार जाळीने बंद करा, पेटीवर ओलं गोणपाट टाका, ते सतत ओलं ठेवा आणि आत हवा खेळती राहील असं बघा. कडक उन्हात भरलेली पेटी काही तासांत गुदमरते, म्हणून हा उपाय एका दिवसापलीकडे ताणू नका. सातेरी तर अशा त्रासाने घर सोडूनही जाते.

अवशेष जास्त दिवसांचा असेल तर पेट्या हलवा. माशा साधारण तीन किलोमीटरपर्यंत चरतात, गरज पडली तर त्याहून लांब जातात. हलवायचं तर पाच किलोमीटरच्या पलीकडे, नाहीतर रानमाशा जुन्या जागेवर परत येऊन तिथेच मरतील. आणि नव्या जागेभोवती कोणतं पीक आहे, ते फुलोऱ्यात कधी येईल, हे पेटी उतरवण्याआधी बघा.

या सगळ्यासाठी एक वही हवी. एका रकान्यात आसपासच्या पिकांचा फुलोरा, दुसऱ्यात फवारणीच्या तारखा आणि टाकीतली रसायनं, तिसऱ्यात रोजच्या मृत माशांचा आकडा, चौथ्यात पराग कोणत्या फ्रेममध्ये कोणत्या आठवड्यात भरला. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर पेन्सिलीने तारीख टाकली तरी पुरते. दरवर्षी पिल्लांच्या कोठीतली काही जुनी पोळी काढून नवं पोळं बांधायला नवा मेणपत्रा द्यायचा, म्हणजे तीनेक वर्षांत सगळं मेण बदलतं.

उपचारानंतर चौथ्या आठवड्यात पेटी उघडून कोषांचा पट्टा बघा. तो सलग, छिद्रं न पडता भरलेला असेल आणि दाई माशांनी अळ्या झाकलेल्या असतील, तर वसाहत सावरते आहे. पट्टा विस्कळीत असेल आणि रोगाची लक्षणं नसतील, तर जुन्या परागाची एखादी फ्रेम आत राहून गेली आहे असं समजा. वहीतल्या तारखा बघून ती शोधा आणि बाहेर काढा.